चांगली जोडी मागे

“चांगली जोडी मागे, इंकेरी. नेहमी मागे.”

ओइवाचा आवाज तिला अजून तसाच ऐकू येई, गुडघे टेकून, दातांत नट धरून बोलल्यासारखा. लग्नानंतरच्या पहिल्याच शरदात त्याने तिला अंगणात चाक काढायला आणि बसवायला शिकवलं, तेव्हाचं हे वाक्य. तिने विचारलं होतं, गाडी ओढतात ती पुढची चाकं, मग चांगले टायर पुढे नकोत का? तो हसला होता. पुढची चाकं घसरली तर हाताला कळतं, म्हणाला, स्टिअरिंग हलकं होतं, माणूस सावरतो. मागची घसरली की कळेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. पुढे हे वाक्य त्याने साऱ्या पंचक्रोशीला ऐकवलं, इतकं की पोरंसोरं त्याला लांबून येताना पाहिलं की आधीच म्हणून दाखवत.

ऑक्टोबरातल्या त्या सकाळी दहिवर गवतावर मिठासारखं गोठलं होतं. इंकेरीने सकाळचा नेम केला. आधी एक स्तोत्र, मग कॉफी, मग काम. स्तोत्र वाचून झालं. कॉफी मात्र कपातच निवली. खिडकीतून व्हॅन दिसत होती. सगळी पांढरी आणि ड्रायव्हरचं एकच दार निळं. ते दार तिच्या दिराने, अंतेरोने, भंगारातल्या दुसऱ्या गाडीचं आणून बसवलं होतं. दार नीट लागत होतं, काच वरखाली होत होती. तरी तिला त्या बाजूने गाडीकडे जाववत नसे.

गोठलेले नळ मोकळे करणं हा ओइवाचा धंदा. थंडीने जमीन खोलवर धरली की लोकांच्या विहिरीपासून घरापर्यंतचे पाइप गोठतात. मग ओइवा व्हॅनमध्ये वाफेचा बंब आणि पाण्याचं पिंप घालून निघे. तो पाइपात नळी सरकवी आणि इंकेरी दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघरात नळाला कान लावून बसे. आत आधी खुसखुस होई, मग कफ अडकल्यासारखी घरघर, आणि मग पाणी. “आलं,” असं ती ओरडे, तेव्हा त्या घरच्या बायका तिच्याकडे अशा बघत, जणू तीच ते घेऊन आली आहे.

मार्चमध्ये त्यांचं जुनं गिऱ्हाईक असलेल्या साइमीआजीच्या टेकडीवरून उतरताना, खालच्या वळणावर, गाडीची शेपटी फिरली आणि ड्रायव्हरची बाजू भूर्जाच्या झाडावर गेली. ओइवा जागच्या जागी गेला. त्या सकाळीही इंकेरी दारात उभी राहून “देवाच्या शांतीत जा” म्हणाली होती. लग्नापासूनचा तिचा हा नेम. हे शब्द झाल्याशिवाय तो गियर टाकत नसे. त्या दिवशी म्हणायचं राहून गेलं असतं, तर दोष ठेवायला एक जागा तरी मिळाली असती. पण तिने म्हटलं होतं, नेहमीसारखं, स्पष्ट. तेव्हापासून निरोपाचे ते शब्द तिच्या ओठांवर कुणासाठीच आले नव्हते.

दोष ठेवायला जागा लोकांनी शोधून दिली. गाडी बघायला आलेल्या पोलिसाच्या ध्यानात आलं की बर्फावर पकड मिळावी म्हणून टायरांत ठोकलेले खिळे शाबूत असलेली नवी जोडी पुढे आहे आणि झिजलेली मागे. गावात टायर बसवतो एकच माणूस, राउनो. ओइवा आयुष्यभर ओरडून सांगत राहिला आणि राउनोने उलटे बसवले, अशी बातमी अंत्यविधीच्या आधीच घरोघर पोचली. राउनोने कुणाला काही उत्तर दिलं नाही. प्रार्थनाघरात तो शेवटच्या बाकावर बसू लागला. इंकेरी त्या बाकावरून खाली बघत पुढे जाई. भेटल्यावर हात मिळवून “देवाची शांती” म्हणायची प्रार्थनाघरातल्या आपल्या लोकांची रीत; तिने उन्हाळाभर सगळ्यांशी पाळली, त्याला सोडून.

आणि आज तिला त्याच्याच दुकानात जायचं होतं.

अंतेरोने सगळं ठरवून दिलं होतं. गाडीला गिऱ्हाईक मिळालं होतं, हेलसिंकीकडचं. “बिनखिळ्यांचे टायर घाल, वहिनी,” तो फोनवर म्हणाला. “तिकडे रस्त्यांना मीठ मारतात. खिळ्यांची टकटक त्यांना सोसत नाही. गाडी शांत चालली की माणूस घासाघीस न करता घेऊन जाईल.” एकट्या बाईने बंब घेऊन बर्फात कुठे फिरायचं, हे तो बोलला नाही, पण ते त्या शांत टायरांत आलंच. इंकेरी बरं म्हणाली. दिराचं काही चुकत नव्हतं.

चुकत होतं ते साइमीआजीचं. दरवर्षी पहिल्या दहिवराच्या सुमाराला ती लोकरीचे हातमोजे विणून टपालवाल्याबरोबर पाठवी, एक मोठा जोड आणि एक लहान. यंदाही पुडकं आलं होतं. इंकेरीने उघडलं तर दोन्ही जोड होते. टपालवाला मान खाली घालून म्हणाला, म्हातारी सांगत होती, एकच विणायचा होता, पण लहान संपला आणि हात थांबलेच नाहीत.

साइमीआजी टेकडीच्या माथ्यावर एकटी राहत असे. तिच्या मुलांनी बजावलं होतं, पुन्हा एकदा पाणी गोठलं की तुला वृद्धाश्रमात नेणार. ती म्हणे, तिथे न्या, पण माझ्या गायीच्या गोठ्याची खिडकी दिसेल अशी खोली द्या. गाय जाऊन वर्षं लोटली होती. तिच्या टेबलाशी बसून, तिने भाजलेली सातूची भाकरी मोडत ओइवा म्हणाला होता, “आमची गाडी चालते आहे तोवर तुझा नळ चालेल, आजी.” आमची, म्हणाला होता. इंकेरी तेव्हा नळी गुंडाळत होती. तिने मान डोलावली होती आणि म्हातारीने ती बघितली होती.

इंकेरी पलीकडच्या दाराने आत चढली आणि सरकत स्टिअरिंगमागे बसली. हातमोज्यांचे दोन्ही जोड शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवून इंकेरीने गाडी सुरू केली. रस्ता कोरडा होता, ती सावकाश गेली.

पहिलं दहिवर पडलं की राउनोच्या दुकानात सगळं गाव लोटतं. बाकावर कॉफीचे कप घेऊन दोन म्हातारे बसले होते, एक जुना लाकूडतोड्या, दुसरा निवृत्त बसचालक. बसचालक सांगत होता, राउनो, माझ्या बायकोच्या बुटांनाही असले खिळे बसवून दे, चर्चच्या पायऱ्यांवर दरवर्षी पडते.

“तिच्या बुटांना कशाला,” लाकूडतोड्या म्हणाला, “तुझ्या जिभेला बसव. ती जास्त घसरते.”

मग दारात इंकेरी दिसली आणि दोघांना आपापल्या कपात बघण्यासारखं काहीतरी सापडलं. लाकूडतोड्याने उठून तिच्यासाठी कॉफी ओतली, वेलदोड्याचा गोड पाव पुढे केला, आणि बसचालकाला बाही धरून बाहेर नेलं. आपली गाडी बघून घेऊ, म्हणाला. बसचालक चालत आला होता.

राउनो गाड्यांच्या मधून हात पुसत आला. तो वाळला होता. हात पुढे करावा की नाही हे त्याला कळेना; तिलाही. शेवटी त्याने फडकं दोन्ही हातांत धरून ठेवलं.

तो प्रत्येकाला विचारी तेच त्याने तिला विचारलं. “कुठल्या रस्त्यांवर चालवणार?”

“अंतेरो म्हणतो, बिनखिळ्यांचे.”

“अंतेरोच्या गाडीचं नाही विचारलं.”

तिने कॉफीचा कप बाकावर ठेवला. राउनोनेही ताणलं नाही. त्याने दोन टायर उभे करून तिच्यासमोर ठेवले आणि जणू अनोळखी गिऱ्हाईक आहे अशा सुरात सांगू लागला. बिनखिळ्यांचं रबर मऊ, त्यात बारीक चिरा, कोरड्या बर्फाला आणि मीठ मारलेल्या सडकेला ते चांगलं. कडाक्याच्या थंडीतही धरतं. पण दुपारी वितळून संध्याकाळी पुन्हा गोठलेला, वर पाण्याचा पापुद्रा असलेला चढउताराचा रस्ता असेल, तर खिळ्यांशिवाय इलाज नाही. आणि काहीही घेतलंस तरी जड गाडीचेच घे, तो म्हणाला. साध्या मोटारीचे मापाला बसतात, स्वस्तही मिळतात. पण बंब आणि भरलेलं पिंप चढलं की पोट टेकतात.

“बंब राहणार आहे का गाडीत?” त्याने विचारलं.

ती दुसरीकडे बघू लागली. भिंतीलगत मांडणीवर लोकांचे उन्हाळी टायर नावाच्या चिठ्ठ्या लावून रचले होते. एका ढिगावर गोणपाट टाकलं होतं. बाकी कशावर काही नव्हतं.

“आमचे?” तिने विचारलं.

राउनोने मान डोलावली. “इथे पाणी उडतं. म्हणून झाकले.”

तिने गोणपाट उचललं. काळ्या रबरावर पांढऱ्या खडूने लिहिलेलं होतं. डावं पुढचं. उजवं मागचं. दोनच शब्द प्रत्येकावर, ओइवाच्या त्या आडव्या पडलेल्या वळणात, जसं वाऱ्यात गवत पडतं. काढलेला टायर कुठल्या जागेचा, हे तो स्वतः लिही. दुसऱ्याचं लिहिलेलं मला वाचता येत नाही, म्हणे. गेल्या ऑक्टोबरात लिहिलेला खडू तसाच होता, कुणाचं बोट लागलेलं नव्हतं. इंकेरीने हात पुढे नेला आणि मागे घेतला. तिचंही बोट लागायला नको होतं. रडू आलं नाही. छातीत फक्त काहीतरी बसत गेलं, खाली, खाली, पुराचा गाळ बसतो तसं. तिने गोणपाट पुन्हा टाकलं, कडा नीट दाबल्या.

“आधी जुने उतरव,” ती म्हणाली.

गाडी वर उचलली गेली आणि चारही चाकं तिच्या डोळ्यांसमोर आली. हे तिने मार्चपासून टाळलं होतं. पुढच्या जोडीचे खिळे दिव्यात चमकत होते. मागची जोडी म्हातारीच्या बोळक्यासारखी होती, खिळ्यांच्या जागी नुसती भोकं. एवढा फरक असेल असं तिला वाटलं नव्हतं. चुकून कुणी हे उलटं बसवेल? आंधळ्याच्या हाताला कळलं असतं. आणि राउनो आंधळा नव्हता.

तिथे उभ्या उभ्या तिला फेब्रुवारीतली एक संध्याकाळ आठवली. सगळा हिवाळा साइमीआजीच्या टेकडीने ओइवाला दमवलं होतं. अर्ध्यावर चाकं जागच्या जागी फिरू लागत, मग तो गाडी खाली टपालपेटीपाशी ठेवी आणि बंब घसरगाडीवर घालून दोरीने वर ओढी. पाठ धरली होती त्याची. रात्री ती मलम चोळी आणि तो उशीत तोंड घालून गाणं म्हणे, कण्हणं ऐकू येऊ नये म्हणून. आणि मग त्या संध्याकाळी तो लवकर घरी आला. कोट कोरडा होता. “आज टेकडीने मला थेट अंगणापर्यंत घेतलं,” म्हणाला, लहान मुलासारखा. तिला वाटलं, रस्त्यावर खडी टाकली असेल. आनंदाने तिने सातूची भाकरी भाजायला घेतली. कशी चढली, हे तिने विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

“राउनो,” ती म्हणाली, “फेब्रुवारीत ओइवा तुझ्याकडे आला होता का?”

राउनो चाकाचे नट सैल करत होता. त्याचे हात थांबले.

“जोडी पुढे घ्यायला त्यानेच सांगितली. हो ना?”

“बसवली मी,” राउनो म्हणाला.

“मी काय विचारतेय?”

त्याने पाना खाली ठेवला. मग हळूहळू बोलला, एकेक नट काढावा तसा. ओइवा आला होता. पाठ सरळ होत नव्हती. पुढे घे, म्हणाला, नाहीतर मी वर पोचत नाही आणि मी पोचलो नाही तर म्हातारीला नेतात. राउनोने नाही म्हटलं. तुझंच वाक्य तुला ऐकवू का, म्हणाला. पुन्हा नाही म्हटलं. ओइवाने सांगितलं, थंडी सरली की परत मागे घेऊ, तोवर मी उतरताना जपून उतरेन. आणि इंकेरीला सांगू नको, ती जन्मभर चिडवेल.

“मग मी हसलो,” राउनो म्हणाला. “त्याच्याबरोबर मीही हसलो, आणि बसवली.”

“लोक इतकं बोलत होते. तू सांगायचंस.”

“तो उत्तर द्यायला नाही. त्याच्यावर कसं ढकलू?”

इंकेरी बाकावर बसली. ज्याने सगळ्यांना शिकवलं, त्याने एका शब्दापायी आपलंच वाक्य मोडलं आणि घरी येऊन तिच्या हातची भाकरी खाल्ली. तिला त्याचा राग आला, आणि राग करायला तो समोर नव्हता, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळल्यासारखं कळलं. मला सांगितलं असतंस, तिने मनात म्हटलं. मी आले असते. घसरगाडीची दुसरी दोरी मी ओढली असती. माझी पाठ चांगली होती.

मोठ्याने मात्र ती म्हणाली, “मी तुझ्या बाकावरून खाली बघत जात होते.”

“हो.”

“उन्हाळाभर.”

“हो, इंकेरी.”

“मला क्षमा मिळेल का?”

आपल्या लोकांत हा प्रश्न असाच विचारतात, कुठेही, शेतात, दुकानात, आणि ज्याला विचारला त्याने उत्तर द्यायचं असतं. राउनो जवळ आला. तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेला, हात काळा आहे हे बघून थांबला. तिनेच तो हात ओढून आपल्या खांद्यावर ठेवला. तो म्हणाला, “सगळी क्षमा झाली असं मान, येशूच्या नावाने.” मग त्याने तोच प्रश्न तिला विचारला, आणि तिने तेच शब्द त्याला दिले. शब्द जुनेच होते, आजीपणजीच्या तोंडचे. ते म्हणून ओइवा परत आला नाही, छातीतला गाळही हलला नाही. फक्त त्याच्याखालून कुठेतरी खुसखुस ऐकू आली, पाणी सुटण्याआधी येते तशी.

बाहेर बसचालक खिडकीतून आत बघत होता. लाकूडतोड्याने त्याची टोपी ओढून डोळ्यांवर घातली.

राउनोने फडक्याने तोंड पुसलं, तोंड आणखी काळं झालं, आणि त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. “कुठल्या रस्त्यांवर चालवणार?”

“साइमीआजीच्या टेकडीवर,” इंकेरी म्हणाली. “आणि बाकी जिथे नळ गोठतील तिथे.”

“मग खिळ्यांचे.”

“चारही. एकाच वेळी, एकसारखे. पुढची जोडी चांगली की मागची, हे कुणाला ठरवायला नको.”

राउनोने मांडणीवरून एक उतरवला, तिच्यापुढे ठेवला, मग नको म्हणून दुसरा उतरवला, थोडा अरुंद. हा ताज्या बर्फात खाली चावतो, म्हणाला, रुंद असला की वर तरंगतो. तिने खिळ्यांवरून अंगठा फिरवला, काठावरचा जड ओझ्याचा आकडा वाचून घेतला, रबर दाबून पाहिलं. ओइवा दाबायचा तसंच. हाच, म्हणाली.

काम होईपर्यंत ती गेली नाही. एकेक नट तो आडव्यातिडव्या क्रमाने आवळत होता आणि ती मोजल्यासारखी बघत होती. मध्ये तिने बाहेर जाऊन अंतेरोला फोन केला. तो आधी समजावू लागला, मग चिडला, मग म्हणाला, दादाही असाच होता. तिने सांगितलं, हो, पण मी त्याच्यासारखं लपवून नाही करणार. त्याचा अर्थ अंतेरोला कळला नाही. तो तिने संध्याकाळी समोर बसून सांगायचं ठरवलं. राउनोसाठी सगळ्यांनाच सांगायला हवं होतं.

गाडी खाली आली. राउनोने सांगितलं, पहिले काही दिवस हळू चालव, ब्रेक दाबू नको, खिळ्यांना आपापल्या जागी बसू दे. नवीन सुनेसारखे असतात, लगेच कामाला जुंपले की उखडतात. आठवड्याने परत ये, नट पुन्हा आवळून देईन.

“आणि टेकडी?” त्याने विचारलं.

“चढली नाही तर खाली ठेवीन. घसरगाडी मागेच आहे.”

“दोरी ओढायला बोलाव.”

“बोलावीन.”

उन्हाळी टायरांच्या चिठ्ठीवर राउनोने तिचं नाव घातलं. खडू पुसू नको, हे ती बोलली नाही. तो गोणपाट सारखं करताना तिने पाहिलं.

ती निळ्या दाराच्या बाजूने गेली. दार उघडलं, आत बसली, ओइवाचे हातमोजे आपल्या हातमोज्यांवरून चढवले. दोन्ही मिळून बेताचे झाले. साइमीआजीच्या विहिरीवर अजून गवताच्या पेंढ्या घालायच्या होत्या, पाइपावर झाकण घालायचं होतं, थंडीने जमीन धरायच्या आत.

राउनो दुकानाच्या दारात आला होता. तिने काच खाली केली. त्याच्याकडे बघून ओठ हलवले, पहिल्यांदा आवाज फुटला नाही, दुसऱ्यांदा फुटला. “देवाच्या शांतीत राहा,” ती म्हणाली.

“देवाच्या शांतीत जा,” तो म्हणाला.

तेवढं ऐकल्यावर तिने गियर टाकला. डांबरावर नव्या खिळ्यांची टकटक सुरू झाली. चौकात मोठा रस्ता डावीकडे गेला. इंकेरीने गाडी सावकाश उजवीकडे, टेकडीच्या रस्त्याला वळवली.